सातवीच्या ग्रुपवरचं स्टिकर, काय करू?

भांडुपला शिकवते. पोरांनी एका मुलीच्या डबा खातानाच्या फोटोचं स्टिकर केलं, रात्रभर ग्रुपवर फिरलं आणि सकाळी ती बाकावर डोकं टेकून बसलेली. फोन जप्त करून काय होणार, फोन तर आईबाबांचेच ना?

चाळकरी: मग आधी त्यांनाच बोलवा मॅडम. व्हॉट्सअ‍ॅपला १३ वर्षं पूर्ण लागतात, सातवीतली बरीच पोरं बाराचीच असतात, नंबर आईचा.

लोकलवाला मास्तर: मी माझाच वेडावाकडा फोटो दिला, म्हटलं करा स्टिकर. खिदळून झाल्यावर विचारलं, आता सगळ्यांच्या फोनमधून पुसून दाखवा. एकदम चिडीचूप. (स्टिकर अजून फिरतंय, स्टाफरूममध्येसुद्धा.)

प्रश्नकर्ती: हाहा, सोमवारी करते. पण त्या मुलीशी आधी बोलते.