किल्ली बसली म्हणजे कुलूप उघडलंच असं नाही

औषध म्हणजे किल्ली अन् रिसेप्टर (पेशीवरची औषध बसायची जागा) म्हणजे कुलूप, असं म्हणतात. बरोबर आहे, पण अर्धंच, कारण किल्ली बसणं वेगळं अन् कुलूप उघडणं वेगळं. साल्बुटामॉलचा, म्हणजे दम्याच्या औषधाचा, तोंडात मारायचा पंप घेतला की औषध श्वासनलिकेतल्या बीटा-२ नावाच्या रिसेप्टरवर बसतं अन् त्याला चालू करतं, नळी सैल होते, श्वास मोकळा होतो. प्रोप्रानोलॉल हे दुसरं औषध त्याच जागी जाऊन बसतं पण चालू काही करत नाही, नुसती जागा अडवतं.

हे मला घरीच कळलं. आईला दमा आहे, नागपूरची डिसेंबरातली थंडी सुरू झाली की पंप जास्त लागतो, अन् बीटा-२ हातापायाच्या स्नायूंतही असल्यामुळे तिचे हात थरथरतात. शेजारच्या काकूंनी मायेनंच स्वतःची थरथरीची गोळी देऊ केली, मी पाकीट पाहिलं तर प्रोप्रानोलॉल! थरथर थांबली असती हो, पण नळ्या आवळल्या असत्या अन् पंपही नीट चालला नसता.

अन् अजून एक, पंप सारखा सारखा मारला तर पेशी आपले रिसेप्टर आत ओढून घेतात, मग तेवढ्याच डोसचा असर कमी होतो.