मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे? (तातडीचे)

हरवलेले_प्यादे
नमस्कार. प्रश्न थोडक्यात विचारतो, कारण निर्णय याच आठवड्यात घ्यायचा आहे. माझ्या संगणकावर नवे खेळ अडखळतात. मोकळ्या जगाच्या खेळात गर्दीच्या शहरात शिरलो की चित्र क्षणभर गोठते आणि मग एकदम उडी मारून पुढे सरकते. सध्याचे कार्ड जीटीएक्स १६६० सुपर आहे. त्याऐवजी एनव्हीडियाचे आरटीएक्स ५०६० घ्यावे की एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. बाकीचे सर्व भाग उत्तम स्थितीत असल्यामुळे त्यांची चर्चा नको. ज्यांनी ही कार्डे स्वतः वापरली आहेत त्यांनीच कृपया उत्तर द्यावे.

पंखावाला
चर्चा नको म्हणता, पण प्रोसेसर कोणता, मदरबोर्ड कोणता, रॅम किती आणि कोणत्या वेगाची, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) किती वॅटचा आणि मॉनिटर कोणत्या रिझोल्यूशनचा, यांपैकी एकही गोष्ट तुम्ही सांगितलेली नाही. ही माहिती मिळेपर्यंत येणारे प्रत्येक उत्तर म्हणजे निव्वळ अंदाज असेल.

लालबावटा
माझ्या मते यात विचार करण्यासारखे काही नाही. ९०६० एक्सटीची १६ जीबीची आवृत्ती घ्यावी आणि मोकळे व्हावे. ५०६० मध्ये फक्त ८ जीबी मेमरी आहे आणि आजच्या खेळांत पोत (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) उच्च दर्जावर ठेवले की ती भरून जाते. एनव्हीडियाने तुमच्या जुन्या कार्डाचे ड्रायव्हरही (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) आता बंद केले आहेत, त्यामुळे त्या गोटात पुन्हा जाण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

सोल्डरगन
लालबावटा, हे चुकीचे आहे. ज्यांचे नियमित गेम-रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले ती मॅक्सवेल आणि पास्कल पिढीची कार्डे, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १००० मालिका. १६६० सुपर हे २०१९ चे ट्युरिंग पिढीचे कार्ड आहे आणि त्याला ड्रायव्हर अजून मिळत आहेत. धागाकर्त्याला विनाकारण घाबरवू नये.

लालबावटा
ठीक आहे, पिढी वेगळी असेल. ८ जीबीचा मुद्दा तरीही कायम आहे.

विद्युल्लता
कार्डाच्या आधी एसएमपीएस पाहावा, असा माझा आग्रह राहील. माझ्या जुन्या संगणकातील एका अनोळखी कंपनीचा एसएमपीएस भार वाढताच बंद पडत असे आणि दोष मात्र कार्डाचा वाटत असे. माझे तर मत असे आहे की पुढील वाढीचा विचार करून थेट ८५० वॅटचा घ्यावा.

हरवलेले_प्यादे
कार्डाबद्दल विचारले आणि उत्तरे एसएमपीएसबद्दल येत आहेत, पण असो. प्रोसेसर एएमडीचा राय्झन ५ २६००, बोर्ड बी४५०, रॅम १६ जीबी, एसएमपीएस ४५० वॅटचा आणि मॉनिटर साधा. संगणक मध्येच बंद पडत नाही, तो अडखळतो. आता कृपया दोन कार्डांपैकी एकाचे नाव सांगावे.

पंखावाला
‘साधा’ म्हणजे १०८० की १४४०? ६० हर्ट्झ की १४४? १६ जीबी म्हणजे एकच पट्टी की दोन? खेळ हार्ड डिस्कवर आहे की एसएसडीवर? एक विनंती अशी की, खेळ चालू असताना आफ्टरबर्नरसारख्या साधनाने ग्राफिक्स कार्डाचा वापर किती टक्के दिसतो, ते नेमके चित्र अडखळते त्या क्षणी पाहून इथे लिहावे. एकूण सरासरी नको.

सोल्डरगन
पंखावाला यांच्याशी सहमत, +१. त्यात एक साधी चाचणी जोडतो. त्याच शहरात उभे राहून रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे. फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रे) लक्षणीय वाढल्या तर अडथळा कार्डाचा आहे. त्या जवळपास तेवढ्याच राहिल्या तर कार्ड रिकामे बसून प्रोसेसरची वाट पाहत आहे आणि तिथे कोणतेही नवे कार्ड बसवले तरी त्या चौकात तोच अनुभव येईल.

एकांतवासी
मी तर असे सुचवेन की हा सगळा व्याप सोडून एक चांगला कन्सोल घ्यावा. सुटे भाग जुळवण्याची कटकट नाही, बायोस (बोर्डावरील मूळ सॉफ्टवेअर) नाही, ड्रायव्हर नाहीत. मला कन्सोल घेतल्यापासून फार समाधान आहे.

विद्युल्लता
एकांतवासी, धाग्याचे शीर्षक पुन्हा एकदा वाचावे.

हरवलेले_प्यादे
मॉनिटर १०८०, १४४ हर्ट्झ. खेळ एसएसडीवर आहे. रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत, म्हणजे ड्युअल चॅनेलच (रॅमला एकाच वेळी दोन वाटा). चाचणी केली. अडखळण्याच्या क्षणी कार्डाचा वापर ५० ते ६० टक्क्यांवर येतो. ७२० वर फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या. पण टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापरही जेमतेम ४५ टक्केच दिसतो, मग प्रोसेसर अपुरा पडतो असे कसे म्हणता येईल? माझ्या मते कार्डच थकले आहे.

सोल्डरगन
हा गैरसमज फार सार्वत्रिक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. २६०० मध्ये ६ कोअर (स्वतंत्र गणनकेंद्रे) आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामांचे प्रवाह) आहेत आणि टास्क मॅनेजर जो एक आकडा दाखवतो तो या बाराही थ्रेडची सरासरी असतो. खेळाचा मुख्य थ्रेड, जो प्रत्येक फ्रेमसाठी जगातील वस्तूंची मांडणी ठरवतो आणि कार्डाला चित्र काढण्याचे आदेश देतो, तो एकाच कोअरवर पूर्ण क्षमतेने धावत असला आणि उरलेले बरेच थ्रेड अर्धे रिकामे असले तरी सरासरी ४५ च येते. आलेखावर उजवी कळ दाबून तो ‘लॉजिकल प्रोसेसर’ स्वरूपात पाहावा, म्हणजे एखादा चौकोन छताला टेकलेला दिसेल. कार्ड थकले असते तर त्याचा वापर ९५ टक्क्यांच्या वर राहिला असता. तुमचे कार्ड निम्मा वेळ स्वस्थ बसले आहे.

पंखावाला
आणि दोन पट्ट्या असल्या म्हणजे ड्युअल चॅनेल झालेच, असे नसते. त्या कोणत्या खाचांत बसवल्या आहेत ते पाहावे लागते. सीपीयू-झेड या भागांची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या ‘मेमरी’ पानावर चॅनेल आणि वारंवारता काय दिसते, ते कृपया सांगावे. वारंवारता तिथे निम्मी दिसते, १६०० दिसली तर ती ३२०० समजावी.

निळाई
राय्झनच्या पहिल्या पिढ्यांचा हाच दोष होता. त्याच काळातील इंटेलचा प्रोसेसर घेतला असता तर हा धागाच निघाला नसता. आता तरी इंटेलचा नवा बोर्ड आणि नवा प्रोसेसर घ्यावा.

लालबावटा
बोर्ड, प्रोसेसर आणि कदाचित रॅमसुद्धा बदलायला लावणे हा सल्ला नसून शिक्षा आहे. बी४५० बोर्ड २०१८ चा असला तरी त्याच एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवण्याच्या जागेवर), योग्य बायोस घातल्यावर, ५००० मालिकेचे प्रोसेसर चालतात. इंटेलच्या त्या काळच्या बोर्डांवर एवढ्या पुढच्या पिढीचे प्रोसेसर चालतात का, ते निळाई यांनी सांगावे.

निळाई
चालत नाहीत, हे मान्य आहे. पण बसवल्या दिवसापासून वेग मिळतो, त्यासाठी बायोसच्या आवृत्त्या मोजत बसावे लागत नाही.

हरवलेले_प्यादे
सीपीयू-झेडमध्ये चॅनेल ‘सिंगल’ आणि वारंवारता १२०० च्या आसपास दिसते. रॅमच्या वेष्टनावर मात्र ३२०० छापलेले आहे. पट्ट्या प्रोसेसरच्या बाजूने मोजल्यास पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत, शेजारी शेजारी आहेत. संगणक जोडून देणाऱ्याने त्या तशा बसवल्या होत्या. याचा माझ्या प्रश्नाशी खरोखर संबंध आहे का?

पंखावाला
फार जवळचा संबंध आहे. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरलगतच्या पहिल्या दोन खाचा एकाच चॅनेलच्या असतात, म्हणून दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत तसे चित्र असते, ते एकदा ताडून पाहावे. आत्ता एका चॅनेलवर २४०० च्या वेगाने तुम्हाला सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी मिळत आहेत. दोन चॅनेलवर ३२०० ने हाच आकडा ५१.२ होतो. एवढी तफावत असताना नव्या कार्डाची चर्चा करणे घाईचे ठरेल.

सोल्डरगन
राय्झन २६०० च्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. त्याचे सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले आहेत आणि प्रत्येक गटाकडे ८ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधीलच वेगवान मेमरी) आहे. एका गटाला दुसऱ्या गटातील माहिती हवी असेल तर ती ज्या अंतर्गत मार्गावरून जाते, त्याचा वेग या पिढीत रॅमच्या वारंवारतेशी बांधलेला असतो. म्हणजे रॅम मंद असेल तर केवळ रॅमच नव्हे, तर कोअरांमधील संवादही मंदावतो. गर्दीच्या शहरात शेकडो पात्रांची माहिती इकडून तिकडे फिरत असते, त्यामुळे तिथेच झटके जाणवतात. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम वेष्टनावरील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करावे. काही बोर्डांवर त्याला ए-एक्सएमपी किंवा डीओसीपी असे नाव असते. या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा २९३३ आहे, त्यामुळे ३२०० वर संगणक अस्थिर झाला तर २९३३ ठेवावे. फरक किरकोळ पडेल.

विद्युल्लता
हे सर्व मान्य आहे, पण माझा ८५० वॅटचा मुद्दा कोणी विचारातच घेतला नाही.

सोल्डरगन
विचारात घेतो. १६६० सुपर १२५ वॅटचे, ५०६० हे १४५ वॅटचे आणि ९०६० एक्सटीची १६ जीबीची आवृत्ती साधारण १६० वॅटची आहे. प्रोसेसर ६५ वॅटचा. या जोडणीला ८५० वॅट लागतील असा कोणताही हिशेब मला मांडता येत नाही. ४५० वॅटचा एसएमपीएस चांगल्या बनावटीचा असेल तर तो पुरतो. प्रश्न आकड्याचा नसून बनावटीचा आहे आणि ८० प्लसचे चिन्ह त्याबद्दल फार काही सांगत नाही, कारण ते केवळ कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र आहे. एसएमपीएसच्या बाजूच्या तक्त्यावर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून त्यांना १२ ने गुणावे, म्हणजे खरी उपलब्ध शक्ती कळते.

विद्युल्लता
बनावटीबद्दल सहमत, आकड्याबद्दल नाही. जास्त वॅटचा एसएमपीएस निम्म्या भारावर शांत चालतो आणि पुढची दोन कार्डे सहज पेलतो.

चिमणराव_१०८०
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारतो. माझ्या लॅपटॉपमध्येही खेळ अडखळतात आणि तो खूप तापतो. त्यात ग्राफिक्स कार्ड बदलता येते का?

पंखावाला
चिमणराव, जवळपास सर्व लॅपटॉपमध्ये ते बोर्डावरच जोडलेले असते, त्यामुळे बदलता येत नाही. कृपया वेगळा धागा काढावा, तिथे तापमानाचे आकडे द्यावेत, मी उत्तर देईन.

हरवलेले_प्यादे
पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हलवल्या. ३२०० वर संगणक सुरूच होईना, २९३३ वर व्यवस्थित चालतो. त्याच शहरात, त्याच चौकात चित्र गोठणे बहुतांशी थांबले आहे आणि कार्डाचा वापर ७५ टक्क्यांच्या आसपास गेला आहे. वेगाने गाडी चालवताना मात्र अजूनही मधूनमधून झटके बसतात. आता तरी कार्डाचे नाव सांगाल का?

सोल्डरगन
७५ टक्के याचा अर्थ कार्ड अजूनही वाटच पाहत आहे. माझे मत असे आहे की आधी राय्झन ५ ५६०० घ्यावा. त्यात सहाही कोअर एकाच गटात असून त्यांना ३२ एमबी कॅश सामाईक मिळते, त्यामुळे वर सांगितलेला गटागटांमधील खोळंबा उरत नाही. तो ६५ वॅटचाच आहे, सोबत कूलर येतो आणि तुमची रॅम त्यावर ३२०० ने चालण्याची शक्यता पुष्कळ आहे.

लालबावटा
५६०० कशाला? खेळांसाठीच घ्यायचा तर ५८००एक्स३डी घ्यावा. ९६ एमबी कॅश आहे. एएम४ वर खेळांसाठी त्याच्या वर काही नाही.

पंखावाला
तो नवा मिळणे आता कठीण झाले आहे, शिवाय १०५ वॅटचा आहे आणि सोबत कूलर येत नाही. १६६० सुपरच्या जोडीला तो बसवला तर त्याची निम्मी क्षमताही कामी येणार नाही. वापरलेला पण खात्रीचा मिळाला तर गोष्ट वेगळी.

कार्डाबद्दल आता बोलता येईल. बी४५० बोर्डावर ग्राफिक्स कार्डाची खाच पीसीआय एक्सप्रेस ३.० ची आहे, आणि नवा प्रोसेसर घातला तरी ती ३.० च राहते. ५०६० हे कार्ड त्या खाचेतील माहिती वाहणाऱ्या वाटांपैकी आठच मार्गिका वापरते, त्यामुळे त्याला सेकंदाला सुमारे ८ जीबी इतकीच वाट मिळते. ९०६० एक्सटी सोळा मार्गिका वापरते, म्हणून त्याला त्याच खाचेत दुप्पट वाट मिळते. कार्डाच्या मेमरीत सर्व काही मावते तोवर याने फारसा फरक पडत नाही, पण ८ जीबी भरून माहिती रॅममध्ये सांडू लागली की हीच अरुंद वाट नडते. या एका कारणासाठी, आणि केवळ तुमच्या बोर्डापुरते, मी लालबावटा यांच्या बाजूने आहे. नवा बोर्ड असता तर एवढा आग्रह धरला नसता.

लालबावटा
हेच मी दुसऱ्या प्रतिसादात म्हटले होते.

निळाई
तुम्ही मार्गिकांबद्दल एक अक्षरही लिहिले नव्हते.

हरवलेले_प्यादे
ठरले. आधी ५६०० घेतो, कार्ड पुढे ढकलतो. सर्वांचे आभार. प्रोसेसर उद्या हाती येईल, जुना काढून नवा बसवला की झाले ना?

सोल्डरगन
थांबा, तसे करू नये. बायोस आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अद्ययावत करावा. जुन्या बायोसला ५६०० ओळखता येत नाही आणि नंतर पडदा काळाच राहील. बोर्डाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या नेमक्या बोर्डाचे पान उघडून ५६०० कोणत्या आवृत्तीपासून चालतो ते पाहावे. फार जुन्या बायोसवरून काही बोर्डांना मधली एक आवृत्ती घालून मगच पुढे जाता येते, तसे तिथे लिहिलेले असते. अद्ययावत केल्यावर एक्सएमपीसह बऱ्याच सेटिंग मूळ पदावर येतात, त्या पुन्हा कराव्या लागतील.

पंखावाला
आणि विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी दुसऱ्या यंत्रावर किंवा कागदावर उतरवून ठेवावी. प्रोसेसर बदलला की बायोस एफटीपीएम (अशा किल्ल्या जपणारा सुरक्षा भाग) नव्याने सुरू करण्याबद्दल विचारते आणि हो म्हटल्यावर जुन्या किल्ल्या पुसल्या जातात. कूलर काढण्यापूर्वी संगणकावर थोडा वेळ खेळ चालवून प्रोसेसर आणि कूलर यांमधील पेस्ट गरम होऊ द्यावी, मग वीज पूर्ण बंद करून, स्क्रू सोडवून कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सैल करावा आणि मगच उचलावा. एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात. कूलर सरळ वर ओढला तर तो सॉकेटमधून प्रोसेसरसकट निघून येतो आणि पिना वाकतात.