सकाळी घराबाहेर पडताना लहान मुलांशी होणारी ओढाताण कशी कमी करावी?

शाहूपुरीतील आई, सातारा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असून यंदाच बालवाडीत जाऊ लागला आहे आणि मुलगी सव्वा वर्षाची आहे. यजमानांची पहिली पाळी असली की ते पहाटेच कारखान्यात जातात. सासूबाई घरी असतात, परंतु गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना मुलांच्या मागे धावता येत नाही. नऊ वाजण्यापूर्वी मुलाला शाळेत सोडून मला कामावर पोहोचावे लागते.

कपडे घालायला घेतले की मुलगा पळतो, चपला उलट्या घालतो, दात घासताना तोंड घट्ट मिटून घेतो आणि डब्यातला खाऊ पुष्कळदा तसाच परत आणतो. मुलीला डॉक्टरांनी लोहाचे औषध सुरू केले आहे, ते ती थुंकून टाकते. रागावले तर काम होते, पण मुलगा रडत शाळेत जातो आणि ते मला दिवसभर टोचत राहते. शिस्त कशी लावावी यावर वाचायला पुष्कळ मिळते. मला हवी आहे ती रोजची हातोटी, जी विकत काही न आणता घरातल्या घरात जमेल.

निवृत्त बालवाडी शिक्षिका, सांगली

मी वयाने मोठी आहे, म्हणून एकेरी लिहिते. सकाळचे काम सोपे करायचे असेल तर त्याची सुरुवात मुलापासून न करता घराच्या मांडणीपासून कर. आपल्या घरातल्या खुंट्या, आरसे, कपाटे सगळे मोठ्यांच्या उंचीला असते आणि त्यामुळे मुलाला प्रत्येक गोष्टीसाठी कुणाच्या तरी हाताची वाट पाहावी लागते. दाराजवळ त्याच्या खांद्याच्या उंचीवर एक खुंटी ठोक आणि दप्तर, टोपी, पाण्याची बाटली तिथेच अडकवायची सवय लाव. रात्री झोपण्यापूर्वी त्याच्याकडूनच उद्याचे कपडे एका पाटावर काढून ठेवून घे. निवड दोनांतूनच करू द्यावी: हा निळा सदरा की हा पिवळा. "काय घालणार?" असे मोकळे विचारले तर या वयाचे मूल गोंधळते आणि सगळ्यालाच नकार देते.

चपलांसाठी एक सोपा उपाय आहे. दोन्ही चपला योग्य रीतीने शेजारी ठेव आणि आतल्या बाजूच्या कडांना, जिथे त्या एकमेकींना लागतात तिथे, एकेक टिकली चिकटव. टिकल्या शेजारी आल्या म्हणजे चप्पल बरोबर, इतके साडेतीन वर्षांच्या मुलाला सहज कळते. मात्र धाकटी प्रत्येक वस्तू तोंडात घालण्याच्या वयाची आहे, म्हणून चपला तिच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेव आणि निघालेली टिकली लगेच टाकून दे. टिकलीऐवजी पक्क्या शाईचा ठिपका दिलास तर ती काळजीही उरत नाही.

हिवाळ्यात स्वेटर हे मोठे भांडण असते. समोरून उघडणारा स्वेटर आतली बाजू वर येईल असा जमिनीवर पसरावा आणि त्याचा गळा मुलाच्या पायांकडे असावा. मुलाने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि हात वर करून स्वेटर डोक्यावरून मागे घ्यायचा. बालवाडीत मी हे अनेक मुलांना शिकवले आहे. एकदा जमले की मूल कुणाला हात लावू देत नाही.

वेळेचेही सांगते. "पाच मिनिटांत आटप" या वाक्याचा त्याला काही उपयोग नाही, कारण पाच मिनिटे म्हणजे किती हे त्याला कळत नाही. त्याला ऐकू येणारी खूण द्यावी. भाताच्या कुकरची पहिली शिट्टी झाली की खेळणी टोपलीत, दुसरी झाली की मोरीत, असे ठरवून टाक. मग हाक मारणारी तू नसतेस, शिट्टी असते, आणि शिट्टीशी वाद घालता येत नाही. खेळात रंगलेल्या मुलाला एकदम उचलू नये; आधी जवळ बसून त्याच्या डोळ्यांत पाहून सांगावे आणि मग खूण व्हावी.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे बालशिक्षणाचे काम उभे केले, त्यात महागड्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, पाने अशा परिसरातल्याच वस्तू वापरल्या होत्या. तू स्वयंपाक करत असताना त्याला मटार सोलायला, मेथी निवडायला, लसूण सुटा करायला बसव. काम सावकाश होईल हे खरे, पण तेवढा वेळ तो तुझ्या पायात घुटमळणार नाही, आणि स्वतः सोललेले मटार तो खाऊनही बघेल.

कऱ्हाडचे बाबा

ताई, आमच्या घरी डबा भरायचे काम माझ्याकडे आहे, म्हणून त्यापुरते लिहितो. बालवाडीतल्या मुलाला खायला थोडाच वेळ मिळतो आणि झाकण उघडण्यातच निम्मा जातो. त्यामुळे नवा डबा शाळेत पाठवण्यापूर्वी सुटीच्या दिवशी घरीच त्यातून खायला द्यावे आणि झाकण त्याला एकट्याला उघडता येते का ते पाहावे. पोळी-भाजी वेगवेगळी देण्यापेक्षा पोळीची गुंडाळी करून तिचे दोन बोटे रुंद तुकडे करावेत. प्रमाण कमीच असावे. संपलेला डबा पाहून मुलाला जो आनंद होतो त्याने दुसऱ्या दिवशीचे काम सोपे होते. नवी भाजी एकदा नाकारली म्हणून सोडून देऊ नये. एकेक घास इतक्याच प्रमाणात ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर आली की बरीच मुले ती चाखू लागतात, मात्र जबरदस्ती केली तर उलटेच होते.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. माझी सासुरवाडी तासगावकडची असल्याने हंगामात घरात द्राक्षांच्या पेट्या येतात आणि मुले येता-जाता घड तोडून खातात. अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत नेमके अडकते, म्हणून पाच वर्षांपर्यंत ते उभे चिरून चार फोडी करूनच द्यावे. शेंगदाण्यांचेही तसेच आहे. साताऱ्याच्या घरात शेंगदाणा असतोच, पण या वयाला अख्खा दाणा न देता कूट किंवा बारीक चटणी द्यावी. मुलांनी बसून खावे, पळताना किंवा हसताना तोंडात घास नसावा.

कोरेगाव येथील वाचक

दात घासताना आम्ही मुलासमोर मोबाईलवर गाणे लावून ठेवतो, तो तोंड आपोआप उघडतो. सकाळच्या घाईत इतके चालावे असे मला वाटते.

बालरोग विभागातील परिचारिका, मिरज

कोरेगावच्या वाचकांशी मी सहमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसभरात एक तासापेक्षा अधिक नसावा. दोन मिनिटांचे गाणे मोठे नाही हे मान्य, परंतु ते बंद करताना जी रडारड होते ती सकाळच्याच वेळेतून जाते. गाणे आईने किंवा आजीने म्हणावे. सासूबाईंना बसल्या जागी करता येण्याजोगे हे उत्तम काम आहे.

दात घासताना मुलाच्या समोर उभे न राहता मागे उभे राहा, त्याचे डोके आपल्या अंगाला टेकू द्या आणि दोघेही आरशात पाहा. आधी त्याला घासू द्यावे, मग आपण पूर्ण करावे. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

औषधासाठी घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचे माप किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. मुलीला मांडीवर बसते धरा, आडवे करू नका. सिरिंजचे टोक गालाच्या आतल्या बाजूने मागे न्या आणि थोडे थोडे सोडा. प्रत्येक वेळी तिने गिळले हे पाहून पुढचे द्या. नाक कधीही दाबू नये, औषध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. लोहाचे औषध दुधातून किंवा दुधासोबत दिले तर शरीरात कमी शोषले जाते, म्हणून दोन्हींत अंतर ठेवा आणि नंतर पाणी पाजा, म्हणजे दातांवर डागही कमी पडतील. या औषधाने शौचाचा रंग काळपट होतो, त्याने घाबरून जाऊ नये. औषधाला "चॉकलेट" म्हणू नका, कारण पुढे ते मूल बाटली स्वतःच उघडते.

आंघोळीच्या बादलीत नेहमी आधी गार पाणी घ्या, मग त्यात गरम मिसळा आणि कोपर बुडवून पाहा. नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असल्याने आपल्याकडे पिंपे आणि बादल्या भरून ठेवाव्या लागतात, पण सव्वा वर्षाचे मूल अगदी थोड्या पाण्यातही बुडू शकते. पिंपांना घट्ट झाकणे हवीत आणि मोरीच्या दाराला वरून कडी हवी.

सकाळी मूल चिडचिडे असेल तर रात्रीची झोप पाहावी. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते. साडेसहाला उठवायचे असेल तर साडेआठ-नऊपर्यंत दिवा मालवलेला असावा.

शाहूपुरीतील आई, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. खुंटी आजच ठोकते. एक शंका आहे. मुलाला "मीच करणार" असा हट्ट असतो आणि बटणे लावायला त्याला इतका वेळ लागतो की शेवटी मला हात घालावाच लागतो, मग तो रडतो. अशा वेळी काय करावे?

निवृत्त बालवाडी शिक्षिका, सांगली

काम वाटून घे. खालची दोन बटणे तू आधीच लावून ठेव आणि मधले, त्याला डोळ्यांनी नीट दिसणारे, एकच बटण त्याच्यासाठी ठेव. तेही शेवटपर्यंत न लावता काजात अर्धे घालून दे, म्हणजे त्याने फक्त ओढायचे. ते जमू लागले की दुसरे दे. सरावासाठी आजोबांचा किंवा बाबांचा मोठ्या बटणांचा जुना सदरा दुपारी खेळायला द्यावा, कारण सकाळी शिकवायला वेळ नसतो. आणि गळ्याजवळचे बटण अजून वर्षभर तरी तूच लाव, ते त्याला दिसतच नाही.