‘नियतकालिक’ तापमान?

भाषांतरी: शाळांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक फलक मराठीत करतेय. ध्रुवांवरचं तापमान ठरावीक काळाने कसं वरखाली होतं, हा विषय. मी लिहिलं, ‘ध्रुवीय प्रदेशांतील नियतकालिक तापमानबदलांचे विश्लेषण’. बाबांनी वाचून विचारलं, "पेंग्विन दिवाळी अंक काढतात का गं?" शुक्रवारी छापायला जातंय. काय लिहू?

माहीमकर: ‘आवर्ती’. आवर्त सारणी शिकलोय ना आपण? संपलं.

खारपुटी: संपलं कसं? भूगोलात आवर्त म्हणजे कमी दाबाभोवती फिरणारे वारे, प्रत्यावर्त त्याच्या उलट. ‘आवर्ती तापमान’ वाचून भूगोलाचे सर वादळ समजतील. माझ्या आईला तर बँकेतली आवर्ती ठेवच आठवेल.

रातपाळी: पाळी! आजोबा लालबागला गिरणीत होते, दिवसपाळी-रातपाळी करायचे. हिवतापाला आजी ‘पाळीचा ताप’ म्हणायची. ठरल्या दिवशी चढायचा, ठरल्या दिवशी उतरायचा. ताप पाळीचा, तर तापमान का नको?

माहीमकर: फलकावर ‘पाळीचे तापमान’? सातवीचा वर्ग हसून लोळेल.

रातपाळी: लोळू दे. आपले शब्द लाजून टाकायचे आणि मग संस्कृतच्या दारात वाडगा घेऊन उभं राहायचं.

बर्फगोळा: आधी वस्तू तर बघा. तिथे चक्र एक नाहीये. अंटार्क्टिकात व्होस्टॉक या संशोधन तळावर ३६०० मीटरहून खोल भोक पाडून बर्फ काढला, त्यात ४ लाख २० हजार वर्षांची नोंद सापडली. हिमयुगं साधारण लाख वर्षांनी येतात. त्या फेऱ्याच्या पोटात लहान फेरे: पृथ्वीच्या अक्षाचा कल कमीजास्त होण्याचा ४१ हजार वर्षांचा, अक्ष भोवऱ्यासारखा डोलण्यातून येणारा साधारण २३ हजारांचा. हे ‘चक्रीय’.

वर्षाच्या बदलाला मात्र ‘ऋतुचक्र’ पुरे. पण तेही आपल्यासारखं नाही. ऐन ध्रुवावर सूर्य वर्षातून एकदाच उगवतो, त्यामुळे दिवसरात्रीचा चढउतार जवळपास नाहीच. अंटार्क्टिकाच्या आतल्या पठारावर पारा एप्रिलपर्यंत धाडकन खाली येतो आणि ऑगस्टपर्यंत तळाशी पडून राहतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे चार दिवस ‘कडाका’ पडतो, तसा वेगळा कडाका तिथे निघतच नाही. व्होस्टॉकला उणे ८९.२ अंश नोंदलं ते २१ जुलै १९८३ ला, पण म्हणून जुलै दरवर्षी सर्वांत थंड असेलच असं नाही.

खारपुटी: उणे ८९ ला ‘ताप’मान म्हणायचं, हेही भारीच.

माहीमकर: ‘विश्लेषण’ नको, ‘पृथक्करण’ हवं.

खारपुटी: पृथक्करण प्रयोगशाळेत पाण्याचं करतात हो.

मढची: आमच्या कोळीवाड्यात कुणी आवर्ती म्हणत नाही. उधाण आणि भांग, दर पंधरवड्याला. पुनव-अवसेला मोठी भरती, ते उधाण; अष्टमीच्या आसपास लहान भरती, तो भांग. भांगाला पाण्याला ओढ नसते, डोलीच्या जाळ्यात म्हावरं येत नाही, मग बाप जाळी शिवत बसतो. तापमानाचंही उधाण-भांग म्हणा की.

माहीमकर: भांग म्हणजे भंग. संस्कृतच.

मढची: मग केसांतला भांगही मोडलेलाच का?

माहीमकर: अर्थात. केस दुभंगतात.

रातपाळी: आणि शिमग्याची भांग?

भाषांतरी: बाबा म्हणतात, सरळ ‘ठरावीक काळाने होणारे’ लिही. पण मथळ्याला एकच ओळ आहे हो!

माहीमकर: शिमग्याची वेगळी. ती भंगा, वनस्पती. भांगाच्या भरतीशी तिचा काही संबंध नाही.

मढची: पिऊन होडीत बसा, मग कळेल संबंध.