विद्यापीठ स्पर्धेतलं पदक म्हणजे गॅदरिंगचं बक्षीस?

चौथी_लेन

परवा बहिणीकडे जेवायला गेलो आणि मेव्हण्याशी वाजलं. विषय जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धांचा, ज्यांना आमच्या पिढीतले लोक अजून युनिव्हर्सिएडच म्हणतात. जर्मनीत ऱ्हाईन-रूर भागात २०२५ च्या जुलैमध्ये त्या झाल्या. भारताला १२ पदकं, त्यातली पाच ॲथलेटिक्सची: सीमा ५००० मीटरमध्ये दुसरी, अंकिता ध्यानी स्टीपलचेसमध्ये (अडथळे ओलांडत पळायची लांब शर्यत) दुसरी, तिहेरी उडीत प्रवीण चित्रवेल दुसरा, आणि पुरुषांची ४ बाय १०० रिले व मुलींचा २० किलोमीटर चालण्याचा संघ यांना कांस्य. मी हे कौतुकाने सांगत होतो. मेव्हणा वरण ओतता ओतता म्हणाला, "अरे, ते गॅदरिंगचं बक्षीस. स्टीलचा डबा मिळतो ना, तसं."

बहिणीचं घर म्हणून गप्प बसलो. इथे बसणार नाही.

माझं म्हणणं असं. १२ सप्टेंबर १९७९ ला मेक्सिको सिटीत याच स्पर्धेत इटलीचा पिएत्रो मेनेआ २०० मीटर १९.७२ सेकंदांत धावला. तो जागतिक विक्रम जवळजवळ १७ वर्षं टिकला, १९९६ मध्ये मायकेल जॉन्सनने मोडला. युरोपचा विक्रम म्हणून तर अजून उभा आहे. २०२३ मध्ये झार्नेल ह्यूज १९.७३ पर्यंत आला आणि तिथेच थांबला. १९८५ ला कोबेमध्ये इगोर पाकलिनने उंच उडीत २.४१ मीटरचा जागतिक विक्रम केला, तोही विद्यापीठ स्पर्धेतच. गॅदरिंगमध्ये असं होतं का?

आणि आपल्यासाठी तर ही स्पर्धा आणखी मोलाची आहे. आपला २१-२२ वर्षांचा खेळाडू एका रात्रीत ऑलिंपिकला जाऊन कॉल रूममध्ये (शर्यतीआधी खेळाडूंना बसवतात ती खोली) बसतो आणि तिथेच अर्धा हरतो. मधली पायरी हवी. ती ही आहे. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबतपासनीस

मेव्हण्याचा पत्ता द्या, मिठाई पाठवतो.

१९७९ आणि १९८५ ची उदाहरणं दिलीत, बरं झालं. त्यानंतर ४० वर्षं गेली साहेब. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर, हवा विरळ, वर पाठीमागून सेकंदाला १.८ मीटरचा वारा. नियमात बसतो, हे मान्य. पण मेनेआ तेव्हा २७ वर्षांचा होता. आजच्या नियमात वयोमर्यादा २५ आहे. म्हणजे तुमचा हुकमी एक्का आज नोंदणीच्या टेबलावरूनच परत पाठवला असता.

आणि खरे विद्यार्थी-धावपटू कुठे पळतात, ते बघा. अमेरिकेत. त्यांची मोठी स्पर्धा जूनमध्ये, एनसीएए या तिथल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेची. तिथल्या अंतिम फेरीतली पोरं त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये दिसतात. जुलै-ऑगस्टच्या या विद्यापीठ स्पर्धेला त्यांच्यातले पहिल्या फळीचे फारसे फिरकत नाहीत. परीक्षेला वर्गातली हुशार पोरं आलीच नाहीत आणि आपला दुसरा नंबर आला, असा हा प्रकार.

धावपटू द्युती चंद घ्या. नेपल्सची विद्यापीठ स्पर्धा, जुलै २०१९, १०० मीटरमध्ये ११.३२ आणि सुवर्ण. देशभर पेढे. दोन-अडीच महिन्यांनी दोह्याच्या जागतिक स्पर्धेत तीच ११.४८, हीटमध्येच (पहिल्या फेरीतच) बाहेर. तिथे शेली-ॲन फ्रेझर-प्राइस १०.७१ ला जिंकली. कुठे ११.३२ आणि कुठे १०.७१! शंभर मीटरमध्ये एवढं अंतर म्हणजे पुढची बाई टॉवेलने घाम पुसायला लागलेली असते.

पाणीपुरी_प्रेमी

स्टीलच्या डब्याला नावं ठेवू नका. १९९८ चा माझा लिंबू-चमच्याचा डबा अजून फ्रीजमध्ये आहे.

चौथी_लेन

@हिशेबतपासनीस, द्युतीचं उदाहरण तुम्हीच काढलंत म्हणून बरं. नेपल्सला ती एका शतांशाने जिंकली. दुसरी कोण होती? स्वित्झर्लंडची अय्ला डेल पोन्ते, ११.३३. हीच डेल पोन्ते दोन वर्षांनी टोकियो ऑलिंपिकच्या १०० मीटर अंतिम फेरीत पाचवी आली, १०.९७ मध्ये. आणि द्युती त्याच ऑलिंपिकमध्ये ११.५४ वर हीटमध्येच थांबली.

आता सांगा, नेपल्सची शर्यत गॅदरिंगची होती का? एकाच रेषेवर दोघी होत्या. एकीला पुढच्या दोन वर्षांत कोणीतरी वर नेलं, दुसरी होती तिथेच राहिली. दोष त्या शर्यतीचा कसा?

ज्योती याराजी बघा. चीनमधल्या चेंगडूच्या विद्यापीठ स्पर्धा कोविडमुळे लांबत २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये झाल्या. १०० मीटर अडथळ्यांत ती तिसरी, १२.७८, राष्ट्रीय विक्रम. तिच्या पुढे चीनची वू यान्नी, १२.७६. दोन महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुन्हा ह्याच दोघी. फॉल्स स्टार्टवरून (इशाऱ्याआधी सुटण्यावरून) तिथे गोंधळ झाला, आधी दोघींनाही बाहेर काढायला निघाले होते, मग दोघी धावल्या, शेवटी वू बाद झाली आणि ज्योतीला रौप्य मिळालं. तो गोंधळ चालू असताना ज्योती जागची हलली नाही, पंचांशी बोलली, परत ब्लॉकमध्ये बसली. त्या बाईशेजारी उभं राहायची तिला सवय झाली होती. ती सवय कुठून आली? चेंगडूतून.

हिशेबतपासनीस

सवयीचं पुढे काय झालं तेही सांगा ना. पॅरिस ऑलिंपिकचा थेट पात्रता निकष १२.७७ होता. चेंगडूत १२.७८. एका शतांशाने हुकली. मे २०२४ मध्ये फिनलंडमध्ये पुन्हा १२.७८, पुन्हा एका शतांशाने हुकली. शेवटी क्रमवारीवरून गेली आणि पॅरिसच्या हीटमध्ये १३.१६.

मला त्या मुलीबद्दल आदरच आहे. पण 'मधली पायरी' म्हणता, तर पायरीवरून माणूस वर गेला पाहिजे. आपले लोक पायरीवरच सत्कार घेत बसतात. महानगरपालिकेचे फ्लेक्स, नारळ, शाल, मंत्र्यांसोबत फोटो. माझा राग त्या शालीवर आहे.

ऱ्हाईनकाठचा_सातारकर

मी ड्युसेलडॉर्फला असतो. बोखुमच्या वाटेनशाईड भागातल्या लोरहायडे स्टेडियममध्ये ॲथलेटिक्स होतं, लोकलने सोपं पडतं म्हणून रिले बघायला गेलो. तिथे जे पाहिलं ते लिहितो, वाद तुम्ही घाला.

शर्यतीआधी आपली पोरं ट्रॅकवर टेप चिकटवत होती. रिलेत बॅटन घेणारा मुलगा मागे पावलं मोजत जातो आणि एक खूण करतो. मागून येणारा त्या खुणेवर पोचला की पुढच्याने वळून न बघता सुटायचं. आपल्या एका मुलाने पावलं मोजली, टेप लावली, उभा राहिला, मान हलवली, परत गेला, टेप उखडली, अर्धं पाऊल मागे लावली. मग परत उखडली. शेजारच्या लेनमधला मुलगा कधीच लावून मोकळा, दंड हलवत उभा. मला वाटलं, आता याचं काही खरं नाही.

पण बॅटन नीट गेला. सगळे बदल ३० मीटरच्या पट्ट्यात. ३८.८९. कोरिया ३८.५०, दक्षिण आफ्रिका ३८.८०, आपण तिसरे. दुसरा क्रमांक नऊ शतांशांनी गेला. लालू प्रसाद भोई, अनिमेष कुजूर, मणिकांत होबळीधर, मृत्यम जयराम. माझ्या शेजारच्या जर्मन आजोबांना चार नावं उच्चारून दाखवता दाखवता माझी बोबडी वळली.

तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम ३८.६९ चा, त्याच वर्षी एप्रिलमध्ये चंदीगडला केलेला. म्हणजे घरी आपला संघ जरा वेगात पळाला होता. पण दक्षिण आफ्रिकेचा मुलगा शेजारून सुटताना आपलं पाऊल आधी पडू न देणं, हे चंदीगडला शिकता येत नाही. माझं मत मेव्हण्याच्या विरुद्ध.

अनघा_प

मी आंतरविद्यापीठ ८०० मीटर धावले आहे, म्हणून राहवत नाही.

चर्चा सगळी बोखुम आणि चेंगडूची चाललीय. तिथवर पोचायचा रस्ता बघा. आमच्या वेळी (विद्यापीठाचं नाव घेत नाही) अखिल भारतीय स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी कळलं की आरक्षण झालेलं नाही. ३० तास जनरलच्या डब्यात. मी आणि भालाफेकवाली आळीपाळीने भाल्याच्या पिशवीवर डोकं ठेवून झोपलो, कारण भाला कोणी नेऊ नये म्हणून ती पिशवी सोडताच येत नव्हती. पोचलो तर सिंथेटिक ट्रॅक. माझ्या स्पाईक्सच्या (खिळ्यांच्या बुटांच्या) पिना मातीच्या ट्रॅकच्या, लांब. कॉल रूममधल्या बाईंनी बूट उलटा करून पट्टी लावली आणि म्हणाल्या, बदला. बदलायच्या पिना कोणाकडे होत्या? केरळच्या एका मुलीने स्वतःच्या डबीतून काढून दिल्या आणि पानाही दिला. त्याच मुलीने मग मला हीटमध्ये हरवलं.

त्यामुळे @हिशेबतपासनीस यांच्याशी एका बाबतीत सहमत: व्यवस्था. ऱ्हाईन-रूरला बॅडमिंटनचे बारा खेळाडू गेले आणि सहा जणांना खेळताच आलं नाही, कारण नावंच नीट दिली गेली नाहीत. वर्तमानपत्रांत आलंय सगळं. एवढ्या लांब जाऊन पोरांनी प्रेक्षकांत बसायचं! पण यावरून स्पर्धा फुसकी ठरते का? आमंत्रणाची पत्रिका चुकली म्हणून लग्न खोटं ठरत नाही.

हिशेबतपासनीस

ताई, उपमा झकास. भाल्याची पिशवी डोळ्यांसमोर आली.

माझा मुख्य आक्षेप मात्र राहतोच. 'विद्यार्थी' हा शब्द. आपल्याकडे चांगला धावपटू दिसला की कुठल्यातरी विद्यापीठाच्या पटावर त्याचं नाव चढतं. वर्ग कुठला, विषय कुठला, त्यालाच माहीत नसतं. पोरगा वर्षभर राष्ट्रीय शिबिरात. मेनेआचं नाव घेता, त्या माणसाने चार पदव्या घेतल्या होत्या. आपल्या किती जणांना विषयाचं नाव विचारलं तर सांगता येईल?

मैदानावरचा_मास्तर

तालुक्याच्या ठिकाणी पोरं पळवतो, २० वर्षं झाली. ट्रॅक नाही, बाजार समितीच्या मागचं मैदान आहे. चुन्याने रेघा मारतो. सोमवारी बाजार भरला की त्या पुसतात.

हिशेबतपासनीस साहेब, कागदोपत्री विद्यार्थी म्हणता ते खरं आहे, पण उलटी बाजू मी रोज बघतो. आमच्याकडच्या मुलीला बारावीनंतर पळू द्यायचं का, हे घरात ठरतं कॉलेजवर. "कॉलेजच्या टीममध्ये आहे" म्हटलं की वडील दोन वर्षं थांबतात. नुसतं "पळते" म्हटलं की स्थळं बघायला सुरुवात. आंतरमहाविद्यालयीन, मग अश्वमेध (राज्यातल्या विद्यापीठांची स्पर्धा), मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ, आणि नशीब असेल तर ही जागतिक स्पर्धा. खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातल्या नोकरीची आशा त्याला जोडलेली. खोट्या प्रमाणपत्रांनी त्या आरक्षणाची अब्रू घालवली ती वेगळी.

नाशिकची संजीवनी जाधव २०१७ ला तैपेईत १०,००० मीटरमध्ये दुसरी आली, ३३ मिनिटं २२ सेकंद. त्या आठवड्यात माझ्याकडे चार नव्या मुली आल्या. चारीच्या चारी आयांबरोबर. एका आईने विचारलं, "ती नाशिकचीच ना? मग परदेशात कशी गेली?" मी सांगितलं, विद्यापीठाने पाठवली. त्या बाईला ऑलिंपिकचं काही पडलेलं नव्हतं. विद्यापीठ पोरीला परदेशात पाठवतं, एवढं तिला पुरलं. ती मुलगी पुढे सहा वर्षं धावली.

चौथी_लेन

मास्तर, दंडवत. हे मला मेव्हण्यासमोर सुचलं असतं तर!

हिशेबतपासनीस

मास्तर, तुमच्यापुढे काय बोलणार. पण मग असं म्हणा की ही स्पर्धा सामाजिकदृष्ट्या उपयोगी आहे. खेळाचा दर्जा म्हणून मी अजून तिथेच आहे. डेल पोन्तेचा मुद्दा मात्र मला माहीत नव्हता. तो खिशात ठेवला.

मैदानावरचा_मास्तर

दर्जाचं तुम्ही बघा, मला पुढच्या स्पर्धेचं विचारायचं होतं. २०२७ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियात चुंगचाँगला आहे. माझी एक मुलगी आहे, १५०० मीटर. जन्म २००३ चा, म्हणजे वयात बसते. पण बी.ए. होऊन बसलीय घरी. शिकत असायला हवं किंवा आदल्या वर्षी पदवी घेतलेली हवी, असा नियम आहे ना? म्हणून एम.ए.ला घालतोय.

हिशेबतपासनीस

म्हणजे कागदोपत्रीच की हो मास्तर!

मैदानावरचा_मास्तर

नाही हो. मराठी विषय घेतलाय तिने. सकाळी सहा ते आठ मैदान, अकराची एसटी, कॉलेज. भाषाविज्ञानाचा पेपर अवघड जाणार म्हणते. इथे कोणाकडे जुन्या नोट्स आहेत का?

अनघा_प

माझ्याकडे आहेत, मीही मराठीचीच. पत्ता निरोपात कळवा. त्याच पाकिटात सिंथेटिकच्या पिना आणि पानाही टाकते.