साम्राज्य मोडल्यावर नव्या देशाचं घोडं नेमकं कुठे अडतं? जुन्या बांधणीत की नव्या नेत्यांत?

गिरणाकाठ_चाळीसगाव
कापसाच्या भावावर बोलताना उझबेकिस्तानचा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी म्हणतंच, "सोव्हिएत तुटलं, स्वातंत्र्य मिळालं, पण त्या लोकांना राज्य करता आलं नाही." मला हे अजिबात पटत नाही म्हणून सविस्तर लिहितोय. साम्राज्य सगळे प्रदेश असे बांधून ठेवतं की एकट्याला उभं राहताच येऊ नये. मग १९९१ च्या डिसेंबरापर्यंत कागदावर १५ देश होतात आणि सगळ्यांना जोडणारी यंत्रणा कोणाचीच राहत नाही.

सगळ्यात मोठं उदाहरण पाण्याचं. किर्गिझस्तानात नारिन नदीवर तोक्तोगुल धरण आहे, साधारण १९.५ अब्ज घनमीटर, म्हणजे आपल्या हिशोबात जवळपास ६९० टीएमसी, जायकवाडी १०२ च्या आसपास आहे त्यावरून अंदाज घ्या. सोव्हिएत काळात ठरलेलं होतं की वरच्याने हिवाळ्यात पाणी राखायचं आणि उन्हाळ्यात खाली उझबेक-कझाक कपाशीला सोडायचं, बदल्यात खालच्यांनी हिवाळ्यात कोळसा आणि गॅस द्यायचा. मॉस्को सांगायचं आणि व्हायचं. १९९१ नंतर खालचे म्हणाले गॅसचे पैसे टाका. किर्गिझांकडे पैसे कुठले, मग त्यांनी हिवाळ्यातच पाणी सोडून वीज करायला सुरुवात केली, म्हणजे थंडीत खाली पूर आणि उन्हाळ्यात कपाशी कोरडी. गिरणेच्या आवर्तनावरून नाशिक आणि जळगाव जिल्ह्यात किती ताणाताणी होते ते आपण बघतो, आणि इथे तर वर एकच सरकार आहे जे शेवटी निर्णय देतं. तिथे ते सरकारच एका रात्रीत गेलं.

पैशाचंही तेच. रुबल सगळ्यांचा, पण उधारी वाटणाऱ्या मध्यवर्ती बँका प्रत्येक देशाच्या वेगळ्या, त्यामुळे महागाई आभाळाला. जुलै १९९३ ला रशियाने अचानक जुन्या नोटा बंद केल्या आणि जे तोवर रुबलवरच होते त्यांना घाईघाईत स्वतःचं चलन काढावं लागलं, कझाकस्तानचा टेंगे त्याच नोव्हेंबरचा. यात नेत्याची अक्कल कुठे कमी पडली ते सांगा.

अमळनेरचा_प्रताप
भाऊ, पाण्याचं मान्य आहे पण तुमचा मुद्दा अर्ध्यावर थांबतो. बांधणी १५ ही देशांची एकच होती ना, मग निकाल १५ वेगवेगळे का लागले? एस्टोनियाने जून १९९२ ला क्रून हे स्वतःचं चलन काढलं आणि थेट जर्मन मार्कला बांधलं, ८ क्रूनला १ मार्क, सरकारला वाटेल तशा नोटा छापताच येऊ नयेत म्हणून. २००४ ला युरोपियन युनियन, २०११ ला युरो.

आणि तुमच्या उझबेकिस्तानात काय झालं? करीमोव्ह १९८९ ला कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख झाले ते २०१६ ला मरेपर्यंत खुर्चीवर. दर शरद ऋतूत मास्तर, डॉक्टर, नर्स, कॉलेजची पोरं आणि कित्येक वर्षं तर शाळेतली लेकरंसुद्धा सरकारी हुकमाने कापूस वेचायला. शेतकऱ्याने किती पिकवायचा ते सरकार ठरवणार, भावही सरकार ठरवणार, आणि जगाच्या भावाने विकून मधला पैसा सरकार ठेवणार. हे मॉस्को सांगत होतं का? मॉस्को तर केव्हाच गेलं होतं. जगभरातल्या मोठ्या कपडा कंपन्यांनी उझबेक कापसावर बहिष्कार टाकला होता तो उठायला मार्च २०२२ उजाडलं. आपण खान्देशातली कापसावाली माणसं, वेचणी म्हणजे पाठीचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून मला हे "साम्राज्याचा दोष" म्हणून सोडून देता येत नाही. साम्राज्याने पद्धत दिली हे खरं, पण २५ वर्षं ती चालवली ती घरच्याच माणसांनी.

भुसावळ_जंक्शन
मी गिरणाकाठ भाऊंच्या बाजूने, पण उदाहरण जुनं देतो. १९१८ ला ऑस्ट्रिया-हंगेरी मोडलं. सूत ऑस्ट्रियात कातायचं, कापड बोहेमियात विणायचं, गहू हंगेरीतून यायचा, आणि रेल्वे सगळी व्हिएन्ना नाहीतर बुडापेस्टकडे जाणारी. मध्ये सीमा पडल्या तर प्रत्येकाने जकातीची भिंत घातली. रेल्वेत आयुष्य गेलं म्हणून मला यातली डब्यांची गोष्ट सगळ्यात लागते. मालगाडी पलीकडे गेली की डबे परत येईनात, जो तो अडकवून ठेवायचा, शेवटी सीमेवर गाडी थांबवून माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरायचा. कोळसा आहे पण पोचत नाही आणि व्हिएन्नात लोक थंडीत जंगल तोडून जाळतायत, असे दिवस आले.

चेकोस्लोव्हाकियाचा अध्यक्ष मासारिक, विद्वान माणूस, लोकशाही मानणारा, त्याच्यावर करीमोव्हसारखं बोट दाखवता येत नाही. तरी झालं काय? स्लोव्हाकियाचे रूळ सगळे दक्षिणेला बुडापेस्टला जाणारे, चेक भागाशी जोडणारी मुख्य लाईन तेशेनवरून, आणि त्याच तेशेनवर पोलंडचाही हक्क. जानेवारी १९१९ ला दोन नवे देश, एकाला जेमतेम तीन महिने झालेले, एकमेकांशी लढले. कोळसा आणि एक रेल्वे लाईन यासाठी. आता यात चांगला नेता असून काय उपयोग झाला?

धुळ्याची_मास्तरीण
तुम्ही सगळे पाणी, पैसा, डबे बोलताय, माणसांचं कोणीच बोलत नाहीये. सीमा ओढली की सगळ्यात जास्त भोगतो तो जो एका रात्रीत चुकीच्या बाजूला राहतो. हंगेरीच्या नव्या सीमा ठरवणाऱ्या ट्रायनॉनच्या तहानंतर (१९२०) साधारण ३० लाख हंगेरियन हंगेरीच्या बाहेर. सोव्हिएत तुटलं तेव्हा अडीच कोटी रशियन रशियाच्या बाहेर.

आणि प्रताप दादा, तुम्ही एस्टोनियाचं कौतुक केलं, पण १९४० च्या सोव्हिएत कब्जानंतर तिथे आलेल्यांना आणि त्यांच्या पोराबाळांना त्यांनी आपोआप नागरिकत्व दिलं नाही. आधी एस्टोनियन भाषेची परीक्षा द्या. १९९२ ला जवळपास एक तृतीयांश लोक कुठल्याच देशाचे नागरिक नव्हते. तिथेच जन्मलेला, तिथल्या कारखान्यात खपलेला माणूस आणि त्याला संसदेच्या निवडणुकीत मत नाही. चलन नीट चाललं म्हणून या गोष्टी हिशोबातून काढून टाकायच्या का?

अमळनेरचा_प्रताप
ताई, मुद्दा बरोबर आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. शेजारच्या लिथुआनियाने तिथे राहणाऱ्या सगळ्यांना नागरिकत्वाचा पर्याय दिला. साम्राज्य तेच, कब्जाही त्याच १९४० चा, निर्णय वेगळा. म्हणजे ठरवणारा माणूस महत्त्वाचा झालाच ना.

धुळ्याची_मास्तरीण
लिथुआनियात रशियन होते दहा टक्क्यांच्या आत, एस्टोनियात तीस टक्के. दहा टक्क्यांना सामावून घ्यायचं मन मोठं करणं सोपं असतं दादा. आणि एस्टोनियात तीस टक्के आपोआप झाले नाहीत, सोव्हिएत सरकारने कारखाने टाकून बाहेरून माणसं आणली, तिथल्यांना आधी सैबेरियात पाठवून. दोन्हीकडच्या माणसांचं दुःख खरं आहे, म्हणून मला इथे कोणाला शाबासकी द्यायची नाही, एवढंच.

सातपुडा_नंदुरबार
आपल्या घरचं उदाहरण कोणी घेतलं नाही याचं नवल वाटलं. १९४७ ला ताग पिकायचा बहुतेक पूर्व बंगालात आणि गिरण्या सगळ्या कलकत्त्याच्या आजूबाजूला. चांगला लांब धाग्याचा कापूस सिंध-पंजाबात आणि गिरण्या मुंबई-अहमदाबादला. तरी दोन वर्षं कसंबसं चाललं. सप्टेंबर १९४९ ला ब्रिटनने पौंड उतरवला, आपण रुपया उतरवला, पाकिस्तानने नाही उतरवला, त्यांच्या रुपयाचा भाव आपण मानायला तयार नाही, आणि व्यापार जवळपास ठप्प. तागाच्या शेतकऱ्याचा माल पडून आणि इकडे गिरणी कामगार बसून.

पण आपण तरलो का? तर आपल्याकडे माणसं तयार होती. १९३७ पासून प्रांतात निवडून आलेली मंत्रिमंडळं चालवलेली होती, कलेक्टर कचेरीपासून तलाठ्यापर्यंत दप्तर चालू होतं. काँगो बघा. ३० जून १९६० ला स्वातंत्र्य, तेव्हा अख्ख्या देशात पदवीधर वीसच्याही आत, सैन्यात एकही काँगोली अधिकारी नाही. आठवड्याभरात सैन्याने बंड केलं, ११ जुलैला कटांगा प्रांत फुटला, म्हणजे जिथे तांब्याच्या खाणी तेच, आणि फुटायला बेल्जियमवाल्यांचीच मदत. पंतप्रधान लुमुंबांना सात महिनेही मिळाले नाहीत, जानेवारी १९६१ ला मारलं. त्या माणसाला "राज्य करता आलं नाही" असं कोणी म्हटलं की मला खरंच राग येतो.

अमळनेरचा_प्रताप
काँगोबद्दल मी वाद घालणार नाही, तो अन्यायच होता. पण बोत्सवाना घ्या. १९६६ ला स्वतंत्र, तिथेही पदवीधर बोटावर मोजण्याइतके, पक्का रस्ता काही किलोमीटर, वरून दुष्काळ. १९६७ ला ओरापाला हिरे सापडले, तेही अध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीच्या मुलखात. आणि खामांनी काय केलं होतं, तर खनिजाचा हक्क जमातींकडून काढून अख्ख्या देशाच्या नावावर केला होता. स्वतःच्या लोकांचा हक्क सोडला. पुढे शाळा, दवाखाने त्यातून झाले. बांधणी वाईटच होती, माणूस चांगला निघाला.

गिरणाकाठ_चाळीसगाव
प्रताप भाऊ, खामांचं तुम्ही सांगितलं ते सगळं खरं आहे, पण पुढचं पण बघा. बोत्सवानाने दक्षिण आफ्रिकेबरोबरचा १९१० चा जकात-संघ तोडला नाही, बसून बोलून १९६९ ला नव्या अटींवर करून घेतला. रँड हेच चलन १९७६ पर्यंत वापरलं, स्वतःचं पुला हे चलन नंतर आलं. वर्णद्वेषी सरकारचा मनापासून तिटकारा असून! म्हणजे शहाण्या नेत्याने जुने धागे एकदम तोडले नाहीत, एकेक करून, स्वतःचं काहीतरी उभं राहिल्यावर सोडवले. मी हेच म्हणतोय. एस्टोनियाला क्रून जमलं कारण समोर फिनलंड-स्वीडनचा बाजार उभा होता, किर्गिझांच्या समोर कोण होतं?

पारोळा_जिनिंग
वाचून राहिलो मघापासून. अरल समुद्राचं काय झालं मग? तो पण कपाशीनेच आटवला ना?

गिरणाकाठ_चाळीसगाव
हो. १९६० ला जगातलं चौथ्या नंबरचं सरोवर होतं, अमू आणि सीर दोन्ही नद्यांचं पाणी कालव्यात वळवलं आणि मुयनाकसारख्या मासेमारीच्या बंदराच्या बोटी वाळवंटात पडल्या. फेब्रुवारी १९९२ ला मध्य आशियातल्या पाच देशांनी अल्माटीत करार केला, पण त्यात सोव्हिएत काळातलेच पाण्याचे हिस्से कायम ठेवले, समुद्राला वेगळं काही मिळालं नाही. नंतर कझाकस्तानने जागतिक बँकेचं कर्ज घेऊन २००५ ला कोक-अरल बांध पुरा केला, उत्तरेच्या तुकड्यात पाणी चढलं, मासे परत आले. दक्षिणेचा उझबेक भाग मात्र जवळपास गेलाच.

अमळनेरचा_प्रताप
बघा, कझाकांनी ठरवलं आणि केलं. आणि पाण्याचंही सांगतो. करीमोव्ह २०१२ ला जाहीर बोलले होते की वरच्या धरणांवरून युद्धसुद्धा होऊ शकतं. ते गेले, मिर्झियोयेव्ह आले, आणि जानेवारी २०२३ ला किर्गिझ, कझाक, उझबेक तिघांनी मिळून नारिनवर कंबर-अता-१ धरण बांधायच्या आराखड्यावर सह्या केल्या. नदी तीच, डोंगर तेच, सोव्हिएतचा वारसा तोच. बदलला तो एक माणूस.

गिरणाकाठ_चाळीसगाव
माणूस बदलल्याने दार उघडलं हे मी नाकारत नाही. पण भाऊ, १९९८ ला पण याच तिघांनी पाणी-विजेचा करार केला होता, आणि तो टिकला नाही कारण ओल्या वर्षी खालच्याला पाणी नको असायचं आणि गॅस द्यायला तो का-कू करायचा. आता कंबर-अता बांधून व्हायला अजून वर्षं जाणार, तोवर हिवाळ्यात बिश्केकचा (किर्गिझ राजधानीचा) हीटर तोक्तोगुलच्याच पाण्यावर चालणार, आणि शेजाऱ्यांकडून थंडीत किती वीज घ्यायची हे पुन्हा पुन्हा बसून ठरवावं लागणार. एखाद्या कोरड्या वर्षी फरगान्यातल्या कपाशीवाल्याला जुलैत पाणी मिळालं तर मी तुमचं ऐकेन.

धुळ्याची_मास्तरीण
फरगाना खोऱ्याचं नाव निघालंच आहे तर एक राहिलं. तीन देशांत कापलेलं खोरं, २०१० ला ओशमध्ये किर्गिझ-उझबेक दंगलीत शेकडो माणसं मेली, २०२१ आणि २०२२ ला किर्गिझ-ताजिक सीमेवर कालव्याच्या पाण्यावरून आणि रस्त्यांवरून गोळीबार. मार्च २०२५ ला त्या दोघांनी सीमा शेवटी पूर्ण आखून सह्या केल्या. ३३ वर्षं लागली. त्या गावांत आता कालव्याचं पाणी कसं वाटतात याबद्दल कोणाला नीट माहिती असेल तर इथे लिहा, मला नववीच्या पोरांना हे शिकवायचंय.