हॅलोविन ख्रिस्ती कुटुंबाने पाळावा का?

प्रश्न: मुलांना 31 ऑक्टोबरला वेश घालून घरोघरी गोळ्या मागायला जायचंय. चर्चच्या मंडळीतले काही जण ठाम विरोधात आहेत. पवित्र शास्त्रानुसार कुठवर चालेल?

उत्तर 1: बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं 18:10-12 वाचा. शकुन पाहणं, जादूटोणा, मृतांना विचारणं यांना तिथे सरळ मनाई आहे. म्हणून प्लँचेट, भविष्य सांगणं हे गंमत म्हणूनही नको. हॅलोविनला भोपळा कोरतात, ते त्यात येत नाही. लोक सगळं एकाच गाठोड्यात बांधतात, तिथे घोळ होतो.

उत्तर 2: मुळात हॅलोविन ही 1 नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. आठव्या शतकात पोप ग्रेगरी तिसरे यांनी रोममध्ये संतांना प्रार्थनालय अर्पण केलं, त्याच्याशी ही तारीख जोडली जाते. प्रॉटेस्टंटांसाठी 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरने सुरू केलेल्या धर्मसुधारणेचाही हाच, 31 ऑक्टोबरचा दिवस (हे मात्र सोयीस्कर विसरलं जातं!).

उत्तर 3: जायचं नसेल तर घराबाहेरचा दिवा बंद ठेवा, मुलं सहसा दार वाजवत नाहीत. जाणार असाल तर बायबलमधल्या दावीद, एस्तेर यांचे वेश द्या. सैतानाचे, रक्ताळलेले मुखवटे नकोत. आणि बायबलमधल्या ‘रोमकरांस’ पत्राच्या 14 व्या अध्यायाप्रमाणे, ज्याचं मन कचरतं त्याला ओढू नका, त्यानेही जाणाऱ्याला दोष देऊ नये.